डाव्या कोपऱ्यातली शेळी

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी कोणाबद्दल वाकडं बोललो तर तुम्हाला नवल वाटणार नाही. माझ्या पोटातून आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी गेल्या. त्यांतली एकही मला स्वतःजवळ ठेवता आली नाही. अशाने कोणीही संशयीच होईल.

सध्या माझा मुक्काम न्ये गुरुजींच्या संग्रहालयात आहे. चीनमधल्या शान्शी प्रांताच्या उत्तर भागात, पिवळ्या मातीच्या डोंगरांत, मुलं उरली नाहीत म्हणून बंद पडलेली एक शाळा आहे. तिच्या खोल्यांत गुरुजींनी खेड्यापाड्यांतल्या सिनेमाचं सामान मांडलं आहे. फितीच्या पेट्या, काळ्या काठाचे पांढरे पडदे, पत्र्याचे कर्णे, खेचरावर घालायची लाकडी खोगिरं, रंगवलेल्या काचा. पुढच्या तीन खोल्यांत ज्यांची ओळख पटली आहे अशी यंत्रं आहेत. प्रत्येकाखाली पाटी आहे: हे कुठलं, कोणी चालवलं, कोणत्या खोऱ्यात फिरलं. मागच्या खोलीत एक लांबलचक फडताळ आहे. ज्यांची ओळख पटत नाही ती यंत्रं तिथे जातात, आणि पुढच्या खोल्यांतल्या यंत्रांना लागेल तसे त्यांचे भाग काढले जातात. कोणाचं भिंग, कोणाचा पट्टा, कोणाचं दातेरी चाक. गुरुजी हे निर्दयपणाने करत नाहीत. नवे भाग आता कुठेच बनत नाहीत, मग जुन्यांतूनच घ्यावे लागतात. पण फडताळ ते फडताळच. ते लक्षात असू द्या.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका नदीकाठच्या शहरात, कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलाशी एक तपासनीस बाई बसत. त्यांनी माझ्या तोंडात विजेरी मारली, कान लावून माझी घरघर ऐकली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा आवाज करतोय की कुरकुर करतोय?" त्या दिवसापासून मला माणसांची खात्री वाटेनाशी झाली. मग मला भुशाच्या पेटीत घालून आगगाडीने, ट्रकने आणि शेवटी खेचराच्या पाठीवरून या डोंगरांत आणलं गेलं.

मी काही मोठा प्रोजेक्टर नव्हतो. माझी फीत करंगळीच्या नखाएवढी रुंद. या दऱ्यांत वीज नव्हती, म्हणून माझ्यासोबत पायाने फिरवायचं जनित्र होतं. सायकलीवर बसल्यासारखं बसायचं आणि सिनेमा संपेपर्यंत पायडल मारत राहायचं. पाय मंदावले की चित्र पिवळं पडायचं आणि नायिकेचा आवाज सासऱ्यासारखा यायचा. मग लोक ओरडायचे, पडद्याकडे बघून नाही, पायडलवाल्याकडे बघून.

मला चालवायला मिळाली ती मिआओ यिनह्वा. तेव्हा दोन वेण्या घालणारी, मोठ्या आवाजाची, नुकतीच तालुक्याला प्रशिक्षण घेऊन आलेली मुलगी. पायडलवर तिचा धाकटा भाऊ गेनशंग. ओझ्याला फाटक्या कानाची एक खेचर. एवढंच आमचं पथक. एका गावी खेळ झाला की सकाळी सामान बांधायचं आणि दरी उतरून, ओढा ओलांडून पुढचं गाव गाठायचं. जेवण प्रत्येक गावात पाळीपाळीने वेगवेगळ्या घरी असे. बाजरीसारख्या धान्याची पेज आणि खारवलेली कोबी रोजची. एखाद्या घरी अंडं घातलेल्या शेवया मिळाल्या की गेनशंग त्या गावात पायडल जोरात मारायचा. यिनह्वा त्याला म्हणायची, "तुझं पोट बघून लोकांना सिनेमा दिसतो."

आम्ही आलो की मुलं डोंगरमाथ्यावरूनच ओरडायची. पण मोठी माणसं हसता हसता थोडी चाचरायची, हे मी फार लवकर टिपलं. कारण असं होतं. त्या काळी सिनेमाआधी काचा दाखवायच्या. काचेवर रंगाने चित्रं काढून, नावं लिहून त्या माझ्यासारख्याच एका लहान दिव्यासमोर धरायच्या आणि यिनह्वाने लाकडी टिपऱ्या वाजवत त्यांवर कवनं म्हणायची. या गावात कोणी जास्त खत वाहिलं, कोणाच्या सुनेने सासूची सेवा केली, आणि कोणी धान्य लपवलं, कोण कामाला उशिरा आलं. नावं गावच्या कचेरीतून यायची. यिनह्वाने ती फक्त लिहायची. त्यामुळे खेचराच्या गळ्यातली घंटा ऐकू आली की घराघरांत एकच विचार असे: आज काचेवर कोण? गाव जमायचं, पण प्रत्येकजण शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने बघायचा. मित्रांनो, माझं तोंड पडद्याकडे असलं तरी माझ्या पाठीला हे सगळं जाणवायचं.

आता शेळीची गोष्ट सांगतो. सगळं पुढचं तिच्यावरच आहे.

नानवा नावाच्या गावात खेळ रंगात आला असताना फीत तुटली आणि तिचा एक तुकडा माझ्या खिडकीत अडकला. खिडकी म्हणजे ज्या लहानशा चौकोनातून उजेड फितीवर पडतो ती जागा. यिनह्वा चिमटा शोधत होती. तेवढ्यात गेनशंगने घाई केली. त्याने खोगीर शिवायचं दाभण काढलं आणि तुकडा उपसला. तुकडा निघाला, पण खिडकीच्या कडेची पातळ धातूची कड आत वाकली. त्यानंतर मी जे काही दाखवलं त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा दात दिसायचा. सैनिक असोत, राण्या असोत, डुकरांच्या रोगांवरची माहिती असो, त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं की दात त्यांचे बूट खायचा. नानव्याच्या मुलांनी त्याला शेळी म्हणायला सुरुवात केली. "आता शेळी त्याचा पाय खाणार," असं ती आधीच सांगायची, आणि खरंच खायची. हळूहळू साऱ्या खोऱ्यात ते नाव झालं.

तालुक्याच्या कार्यशाळेत ती कड सरळ करता आली असती. यिनह्वाने मला तिथे नेलं नाही. ती भावाला म्हणाली, "तिथे दहा यंत्रं एका टेबलावर उघडून पडलेली असतात. परत येईल ते आपलंच असेल कशावरून?" हे तिचं वाक्य मला फार आवडलं. माझ्यासारखं संशयी आणखी कोणीतरी आहे असं वाटलं.

नानव्याची आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहिली. तिथे पडदा खळ्यावर, दोन बाभळीसारख्या झाडांना बांधायचे. पडद्याच्या पुढे सगळं गाव. पडद्यामागे उतार आणि एक पडका तेलघाणा. पण तिथे कोणीतरी असायचं. मला दिसायचं नाही, ऐकू यायचं. विनोद झाला की आधी पुढचे लोक हसायचे, आणि ते थांबले की कापडापलीकडून एक हसू यायचं. खोकल्यात लपवलेलं, लहान मुलीचं. काचा दाखवत असताना मात्र मागून कधीच काही ऐकू आलं नाही. श्वाससुद्धा नाही. मला वाटायचं, कोणीतरी चोरून बघतंय. आमचे पुढच्यांसाठी केलेले खेळ मागच्या मागे पळवतंय. मी यंत्र, मला उठून पडद्यामागे जाता येत नाही. मी तो संशय तसाच बाळगला.

वर्षं गेली. काचा बंद झाल्या. मग खोऱ्यात विजेचे खांब आले, मग एकेका घरात दूरदर्शन संच आला. लोकांनी शेवयांत अंडं घालायचं थांबवलं, मग शेवया थांबल्या, मग बोलावणं थांबलं. खेचर म्हातारी होऊन मेली. यिनह्वाने मला तिच्या डोंगरात कोरलेल्या घराच्या धान्याच्या खोलीत ठेवलं. एका बाजूला कोबीचा रांजण, दुसऱ्या बाजूला बोरांची पोती. माझ्यावर एक पोतं घातलेलं असायचं. एका कोंबडीला ती जागा पसंत पडली. अंडं उबवणाऱ्या कोंबडीखाली राहिल्यावर माणसाला, म्हणजे यंत्राला, आपल्या मोठेपणाबद्दल फारसे भ्रम राहत नाहीत.

मग थेंग नावाचा एक व्यापारी येऊ लागला. मोटारसायकलवर जुन्या वस्तू गोळा करत फिरायचा. कडीकोयंडे, दगडी सिंह, बायकांच्या जुन्या पेट्या. त्याने पोतं उचललं, माझ्या अंगावर टिचकी मारली आणि यिनह्वाला विचारलं, "मावशी, हा पसारा किती दिवस सांभाळणार?" तिने त्याला हाकललं. पण त्याचं टिचकी मारणं मला ठीक वाटलं नाही. ज्याला फक्त धातू हवा असतो तो यंत्राच्या तोंडात वाकून बघत नाही. थेंगने बघितलं होतं.

यिनह्वा आता सत्तरीला टेकली आहे. गेल्या वर्षी तिच्या मुलाने ठरवलं की आईला शहरात न्यायचं. बाराव्या मजल्यावर दोन खोल्या. धान्याची खोली नाही, कोंबड्या नाहीत, मी तर नाहीच. तेव्हा तिने न्ये गुरुजींच्या संग्रहालयाचं नाव ऐकलं आणि गेनशंगच्या तीनचाकीत घालून मला इथे आणलं. तिला दुसरं काही नको होतं. माझ्याखाली पाटी असावी: नानवा खोऱ्याचं खेचर-पथक. बस्स.

आम्ही पहिल्या खोलीत शिरलो आणि यिनह्वा उभी राहिली ती उभीच. काचेच्या पेटीत माझ्याच कारखान्याचा, माझ्याच मापाचा एक प्रोजेक्टर बसला होता. त्याच्याखाली पाटी होती: नानवा खोऱ्याचं खेचर-पथक.

न्ये गुरुजी उंच, बारीक, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे गृहस्थ. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा त्यांनी थेंग नावाच्या व्यापाऱ्याकडून घेतला. शेळीची गोष्ट खोऱ्यात त्यांनीही ऐकली होती, आणि या यंत्राच्या चित्रात शेळी आहे.

"दाखवा," यिनह्वा म्हणाली.

त्यांनी भिंतीवर दाखवली. होती. खालच्या कोपऱ्यात काळा दात. पण उजव्या.

"आमची डावीकडे होती," यिनह्वा म्हणाली.

"तुमच्या यंत्रात डावीकडे असेल. प्रश्न असा आहे की नानव्यात कुठे होती." गुरुजींनी चष्मा खाली घेतला. "मिआओताई, राग धरू नका. मला तीनदा फसवलं गेलंय. एकाने शिवणयंत्राला भिंग लावून आणलं होतं."

गेनशंग मध्येच म्हणाला, "गुरुजी, लग्नाआधी बायकोकडेही पुरावा मागितला होता का?"

"मागितला होता," गुरुजी म्हणाले. "तिने दिला."

मित्रांनो, खरं सांगायचं तर मला हा माणूस आवडला. पण त्याच्या संशयाचं टोक या वेळी माझ्याकडे होतं. दुसऱ्यावर धरलेला संशय आणि स्वतःवर आलेला संशय यांत किती फरक असतो, हे मला त्या टेबलावर कळलं. मी त्या काचेतल्याकडे बघत होतो. त्याच्या अंगाला खेचराच्या घामाचा वास नव्हता, कोंबडीचं पीस नव्हतं. पण वासाची साक्ष कोण घेतो?

गुरुजींनी चौकशी आरंभली. नानवा आता जवळजवळ रिकामं आहे. तरणी माणसं शहरांत, जुनी बरीचशी डोंगरावरच्या थडग्यांत. जे राहिले त्यांना शेळी आठवत होती, पण कोपरा कोणता म्हटलं की ते डोकं खाजवायचे. कोणाला तरी विचारून सांगतो म्हणायचे, आणि तेच गुरुजींना नको होतं. खात्रीने सांगणारे दोघेच निघाले. एक गेनशंग, दुसरी शू युनचिन नावाची बाई. साठीची, नवऱ्यामागे एकटी राहणारी, सगळं आयुष्य नानव्यात काढलेली. मिआओ आणि शू घराण्यांचं कधी जाणं-येणं नव्हतं. गुरुजींना अशीच साक्षीदार हवी होती.

त्यांनी दोघांना एकाच दिवशी दुपारी बोलावलं, पण वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मी टेबलावर एका विरलेल्या कापडाखाली, त्यातून मला सगळं दिसत होतं. यिनह्वाला अंगणात थांबायला सांगितलं. ती कुंपणाशी उभी राहून सूर्यफुलाच्या बिया फोडत राहिली. भराभर फोडत होती, खात नव्हती.

गेनशंगने सांगितलं, डावीकडे.

"तुमची डावी की पडद्याची?"

"माझी, गुरुजी. पडद्याला हात असतात का? मीच दाभण घातलं होतं. बहिणीने पुढे आठवडाभर मला शेवया दिल्या नाहीत."

गुरुजी हसले नाहीत. सख्खा भाऊ, तोही पथकातला. त्याच्या शब्दाला वजन कितीसं देणार?

मग शू युनचिन आत आली. घरचं लाकडी स्टूल काखेत घेऊनच आली होती. बुटकी, निळ्या सदऱ्यातली. गुरुजींनी खुर्ची दिली तर ती स्टुलावरच बसली. लहानपणी सिनेमा बघितला होता का, असं त्यांनी विचारलं. बघितला होता. चित्रात काही खोट असायची का?

"शेळी होती की," ती लगेच म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा उजळला. "सगळ्यांचे बूट खायची."

"कोणत्या बाजूला?"

तिने विचार केला नाही. उजवा हात उचलला आणि खाली, गुडघ्याजवळ धरला. "इथे. माझ्या अगदी जवळ असायची."

"नक्की?"

"मी तिच्याकडेच बघायचे, गुरुजी. बाकीचं सगळं कळायचं नाही. शेळी कळायची."

कापडाखाली माझ्या भिंगावर जणू धुकं आलं. या बाईला खोटं बोलायचं कारण नव्हतं. ती मनापासून सांगत होती, आणि तिचं मनापासूनचं सांगणं मला फडताळाकडे ढकलत होतं. मी तिच्यावर संशय घेतला, हे कबूल करतो. थेंगने हिला पढवलं असेल असं मला वाटलं. गुरुजींनाही तसं वाटलं असावं, कारण त्यांनी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं की थेंगला ओळखता का. ती म्हणाली, ओळखते, भला माणूस आहे, माझा मोडका रांजणही घेऊन गेला. गुरुजींनी वही मिटली.

त्यांनी यिनह्वाला आत बोलावून निकाल सांगितला. आवाज कोरडा होता, पण वाईट नव्हता. साक्षी जुळत नाहीत. जी नात्यातली नाही ती उजवी सांगते. तेव्हा पाटी आहे तिथेच राहील, आणि तुमचं यंत्र मागच्या खोलीत.

"फडताळावर," यिनह्वा म्हणाली.

"फडताळावर."

"म्हणजे तुम्ही त्याचं भिंग काढाल."

गुरुजी जमिनीकडे बघत म्हणाले, "लागलं तर." मग त्यांनी सांगितलं की तिथे जाण्याआधी प्रत्येक यंत्र ते एकदा चालवतात. तसा त्यांचा नियम आहे. शेवटचा खेळ. आज लावू या, साक्षीदारही आहेतच.

यिनह्वाने बाह्या सारल्या आणि मला पुसायला घेतलं. तिची बोटं आता वाकडी झाली आहेत, पण फीत कुठून कशी घालायची ते त्यांना विचारावं लागलं नाही.

तिन्हीसांजेला शाळेच्या अंगणात पडदा बांधला. एक टोक बास्केटबॉलच्या खांबाला, दुसरं पिंपळासारख्या उंच झाडाला. संग्रहालयात वीज होती, तरी गेनशंगने ऐकलं नाही. तो जुन्या जनित्रावर जाऊन बसला. म्हणाला, याला विजेची चव माहीत नाही, शेवटच्या दिवशी कशाला बिघडवायची. गुरुजींनी पडद्यासमोर चार खुर्च्या मांडल्या. फीत कोणती, तर संग्रहालयात हाताशी होती ती: डुकरांच्या साथीच्या रोगांवरची.

शू युनचिनला मघाचं काही कळलं नव्हतं. आपल्या उत्तराने काय झालं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सिनेमा आहे म्हटल्यावर ती खुश झाली. तिने स्टूल उचललं, खुर्च्यांच्या बाजूने गेली आणि पडद्याला वळसा घालून दिसेनाशी झाली. सगळ्यांना वाटलं, तिकडे कुंपणापाशी संडास आहे, तिथे गेली असेल. येईल.

गेनशंगने पायडल मारायला सुरुवात केली. मी घरघरलो. पडद्यावर एक डुक्कर आलं, मग पांढऱ्या कोटातला डॉक्टर आला, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात माझी शेळी उभी राहिली. डॉक्टरने पाऊल पुढे टाकलं आणि शेळीने त्याचा बूट खाल्ला. गेनशंग धापा टाकत हसला.

तो थांबल्यावर पडद्यामागून एक हसू आलं. उशिरा आलेलं, खोकल्यात लपवलेलं.

मित्रांनो, माझ्या चाकांचा वेग त्या क्षणी बदलला असेल तर तो दोष गेनशंगच्या पायांना देऊ नका. तो आवाज मी ओळखला. म्हातारा झाला होता, पण तोच होता.

"युनचिनताई," गुरुजींनी हाक मारली, "कुठे आहात?"

"इथेच आहे. चालू द्या, मला दिसतंय."

"तिकडे का बसलात?"

कापडापलीकडे स्टूल जरा सरकलं. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मग कुठे बसू?"

गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले. "शेळी कुठे आहे?"

"आहे की. उजवीकडे. माझ्या बाजूला."

गुरुजी पडद्यामागे गेले. मागे संडासाचा मिणमिणता दिवा होता, त्यामुळे त्यांची सावली कापडावर पडली, बुटक्या सावलीशेजारी उंच. ती उंच सावली वाकली आणि तिनेही उजवा हात गुडघ्याजवळ धरून बघितला. मग त्यांचा आवाज आला, पण तो मघासारखा चौकशीचा नव्हता. तुम्ही नेहमी इथेच बसायचात का, असं ते विचारत होते.

तिने सांगितलं ते मी सगळं ऐकलं. आजोबांची जमीन होती, आणि त्या काळी जमीनदाराच्या नातवंडांनाही गुन्हेगार समजत. म्हणून शू घराला पुढे बसायची परवानगी नव्हती. कोणी हाकलत नसे, पण जागा ठरलेली होती: घाण्याजवळ, पडद्यामागे. काचा दाखवायला लागले की बाबा सगळ्यांना मान खाली घालायला लावायचे, कारण काचेवर आपलं नाव कधी येईल सांगता येत नसे, आणि एकदा आलंही. मागून अक्षरं उलटी दिसतात, पण स्वतःचं आडनाव माणूस उलटंही वाचतो.

"पुढे तर सगळं बदललं," गुरुजी म्हणाले. "मग पुढे नाही आलात?"

"गावाने म्हटलं, आता बसा कुठेही. बाबा म्हणाले, आज बसा म्हणतात, उद्या कोण कोण बसलं होतं ते विचारतील." ती पुढे म्हणाली, "मग सवय झाली."

मग तिने आपणहून एक गोष्ट सांगितली. तो थेंगही असंच विचारत होता. दोन वर्षांपूर्वी रांजण न्यायला आला तेव्हा तिने त्याला शेवया वाढल्या. खाता खाता त्याने जुन्या सिनेमाचं काय काय आठवतं ते विचारलं. तिने शेळी सांगितली, आणि कुठे ते हात करून दाखवलं. असाच, उजवा.

गुरुजी तिथून निघाले. पडद्याला वळसा घालून पुढे आले, सरळ पहिल्या खोलीत गेले आणि काचेतल्या त्या प्रोजेक्टरची खिडकी विजेरीने बघू लागले. पडद्याशेजारच्या उघड्या दारातून मला ते दिसत होतं. त्यांनी कापडाने काजळी पुसली. खाली धातू लख्ख चमकला. दाभणाने वाकलेली कड अशी चमकत नाही. ती नुकती कानशीने घासून बसवलेली होती. थेंगने शेळी बनवली होती, आणि अगदी नीट बनवली होती. फक्त ती पडद्यामागची शेळी होती.

अंगणात मी अजून चालूच होतो. यिनह्वाने माझ्यावरचा हात काढला. इतक्या वर्षांत खेळ चालू असताना ती माझ्यापासून कधी हलली नव्हती. तिने एक खुर्ची उचलली, पडद्याला वळसा घातला, आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक सावली बसली.

पडद्यावर एका रोगाचं नाव लिहून आलं. मग यिनह्वा म्हणाली, "इथून अक्षरं उलटीच दिसतात."

"मला तीच सुलटी," युनचिन म्हणाली.

"त्या काचा मीच लिहायचे."

"माहीत आहे. अक्षर छान होतं तुमचं, ताई." आणि थोड्या वेळाने, "डुक्कर मरतंय का यात?"

"नाही. वाचतं."

फीत संपत आली तेव्हा यिनह्वा तिला हाताला धरून पुढे घेऊन आली. युनचिन पडद्यासमोर उभी राहिली. डॉक्टर डुकराला सुई टोचत होता. तिने मान तिरकी केली, आपले दोन्ही हात बघितले, पुन्हा पडदा बघितला.

"हा उजव्या हाताने टोचतोय," ती म्हणाली. "मला वाटायचं, सिनेमातली सगळी माणसं डावखुरीच असतात."

गेनशंग पायडल मारायचं विसरला, चित्र पिवळं पडत गेलं आणि विझलं.

आता माझ्याखाली पाटी आहे. थेंगला गुरुजींनी फोन केला, तेव्हा तो म्हणाला की त्यालाही ते यंत्र तसंच मिळालं होतं. त्यानंतर त्याची मोटारसायकल या रस्त्याला दिसलेली नाही. यिनह्वा बाराव्या मजल्यावर राहते आणि कधी कधी गुरुजींना फोन करून विचारते की माझ्या अंगाला गंज तर नाही ना. युनचिन महिन्यातून एकदा स्टूल घेऊन येते. गुरुजींनी अंगणातल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना बाक बसवले आहेत. ती आधी पुढे बसते, मग थोड्या वेळाने उठून मागे जाते. तिथे तिला बरं वाटतं.

तो दुसरा प्रोजेक्टर मागच्या खोलीत गेला. मित्रांनो, इथे मी तुमच्याकडे एक मागणं मागतो. त्याच्या तोंडावर कानस चालवली गेली, त्यात त्याची काय चूक? त्याचंही एखादं गाव असेल, एखादी खेचर असेल. तुमच्यापैकी कोणी कधी या बाजूला आलं, तर तुमच्या आजी-आजोबांना विचारून या की त्यांच्या सिनेमात कोणती खोट होती. कदाचित त्याची ओळख पटेल, आणि तोवर त्याचं भिंग काढू नका असं मी गुरुजींना माझ्या परीने रोज घरघरून सांगतो.

माझा स्वभाव अजून संशयीच आहे. पण आता कोणी माझ्यापेक्षा वेगळं सांगितलं तर तो खोटारडा आहे असं मी लगेच म्हणत नाही. आधी विचारतो, हा बसला कुठे होता, आणि त्याला तिथे कोणी बसवलं होतं.

आणि संग्रहालयात आलात तर मला जरूर पुसा. धूळ मला सोसत नाही. चाकांना तेल द्या, फीत हलक्या हाताने घाला. फक्त खिडकीची ती वाकलेली कड तेवढी सरळ करू नका.